ओळंबा आणि ध्रुव

वाईजवळच्या एका गावातली माध्यमिक शाळा. फेब्रुवारीच्या अखेरीची रात्र, आठ वाजून गेलेले. गच्चीवर सातवी-आठवीची मुलं उत्तरेकडे तोंड करून उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात कंपासपेटीतला कोनमापक आहे, त्याच्या सरळ कडेला सेलोटेपनं चिकटवलेली शहाळ्याची नळी आहे आणि खाली दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट लोंबतो आहे. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला आहे, कारण पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात.

“सर, दोरा हलतोय.”

“हलू दे. थांबला की चिमटीत धर, कोनमापकावर दाबून ठेव आणि मग खाली आण. तारा बघता बघता आकडा वाचायचा नाही.”

समोर आकाशात उजवीकडे सप्तर्षी वर चढताहेत, डावीकडे शर्मिष्ठा मावळतीला झुकली आहे आणि दोघांच्या मध्ये, डोंगराच्या कडेपासून थोडा वर, एकटा ध्रुव. तो फारसा तेजस्वी नाही. “एवढासाच?” असं एक मुलगी म्हणते आणि सर तिला नळीतून बघायला लावतात. थोड्या वेळानं वहीत आकडे उतरू लागतात. कुणाचा सोळा येतो, कुणाचा बावीस, बऱ्याच जणांचा सतरा ते वीसच्या मधला. सगळ्यांची बेरीज करून भागाकार होतो, तेव्हा उत्तर अठराच्या जरा वर येऊन थांबतं. मग सर भूगोलाचा नकाशा उघडतात. वाईचा अक्षांश अठराला अगदी लागून आहे.

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘हातानं घडवलेलं’ असं ठरलं, तेव्हा दुर्बिणीचा विचार आधी येणं साहजिक होतं. पुण्यात १९४४ साली सुरू झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून आयुकाच्या कार्यशाळांपर्यंत हौशी मंडळींनी कितीतरी आरसे हातानं घासले आहेत आणि ती परंपरा स्वतंत्र लेखाच्या मोलाची आहे. पण दुर्बिणीनं तारा जवळ दिसतो. या कोनमापकातून तो जरासुद्धा जवळ येत नाही. त्यातून मिळतो फक्त एक आकडा. तरीही तारे पाहणाऱ्याला आकाशाचा अभ्यासक करण्याचं काम हे यंत्र दुर्बिणीपेक्षा लवकर करतं, कारण त्या आकड्याची जबाबदारी पाहणाऱ्याला स्वतःला घ्यावी लागते.

दोरा, नळी आणि नट

लागणारं सामान घरात असतंच. अर्धवर्तुळाकार कोनमापक, शिवणाचा दोरा, एखादा नट किंवा वॉशर, सेलोटेप आणि अरुंद नळी. कोनमापकाच्या सरळ कडेच्या मध्यावर जी खूण असते, बरोबर तिथं बारीक भोक पाडून दोरा ओवायचा. भोक खुणेपासून मिलिमीटरभर सरकलं तरी पुढचं प्रत्येक वाचन बिघडतं, त्यामुळे सगळी काळजी इथं घ्यायची. भोक पाडायला गरम केलेली सुई बरी. कर्कटकानं प्लास्टिक तडकतं. नळी सरळ कडेला समांतर बसली पाहिजे. ती तिरकी बसली की यंत्र कायमचं खोटं बोलू लागतं, आणि बोलताना अगदी खरं बोलल्यासारखं वाटतं.

काम कसं चालतं ते समजायला गवंड्याकडे पाहावं. भिंत उभी आहे की कललेली, हे तो ओळंबा सोडून ठरवतो. भिंत चुकेल, डोळा चुकेल, पण दोरा पृथ्वीच्या ओढीनं सरळ खालीच जातो. इथंही तेच. नळी आडवी, क्षितिजाकडे धरली की दोरा कोनमापकावर ९० च्या रेघेवर पडतो. नळी वर उचलू लागलं की कोनमापक फिरतो, दोरा मात्र जागचा हलत नाही. ध्रुव नळीत आला तेव्हा दोरा ७२ वर असेल, तर ९० मधून ७२ वजा करायचे. उरलेले १८ अंश म्हणजे क्षितिजापासून ध्रुवाची उंची, ज्योतिषाच्या भाषेत उन्नतांश.

वाऱ्यानं दोरा झुलत राहिला तर एक जुनी युक्ती आहे. यंत्र काठीवर बसवायचं आणि नट पाण्यानं भरलेल्या वाटीत बुडवून ठेवायचा. पाणी झोके पटकन मारून टाकतं.

एक सूचना मात्र ठामपणे द्यायला हवी. या नळीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, सकाळी नाही, संध्याकाळी नाही, गॉगल लावूनही नाही. सूर्याचा उन्नतांश हवा असेल तर सूर्याकडे पाठ करून नळी खांद्यावरून धरायची आणि समोर धरलेल्या पुठ्ठ्यावर नळीच्या सावलीत उजेडाचा गोल ठिपका पडेपर्यंत ती फिरवायची. ठिपका पडला की नळी सूर्याच्या दिशेत आली.

ध्रुवाची उंची आणि आपलं गाव

ध्रुवाचा उन्नतांश आणि गावाचा अक्षांश एकच का, हा प्रश्न मुलं हटकून विचारतात आणि मोठी माणसं विचारायला लाजतात. उत्तर सोपं आहे. पृथ्वीचा आस उत्तरेकडे वाढवत नेला तर तो जिथं आकाशाला टेकतो, तिथं जवळच ध्रुव आहे. उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर तो थेट डोक्यावर, म्हणजे ९० अंशांवर. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला, शून्यावर. मधल्या प्रवासात आपण उत्तरेकडे जितके अंश सरकू, तितके अंश आपलं क्षितिज ध्रुवाखाली झुकतं. तारा इतका दूर आहे की आपल्या चालण्यानं त्याची दिशा बदलत नाही. बदलतो तो आपला ओळंबा. पणजीत ध्रुव साडेपंधरा अंशांवर असतो, पुण्यात साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीसच्या थोडा वर. सावंतवाडीहून निघालेली एसटी नागपूरला पोहोचेपर्यंत प्रवाशांचा ध्रुव पाच अंशांहून जास्त वर चढलेला असतो.

यात एक बारीक मेख आहे. ध्रुव तारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही, सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, आणि तो ज्या बाजूला सरकलेला आहे तिथंच साधारण शर्मिष्ठा आहे. म्हणून शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असताना मोजलं तर आकडा थोडा जास्त येतो, खाली असताना थोडा कमी. दिवाळीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमाराला इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी शर्मिष्ठा ध्रुवाच्या जवळजवळ माथ्यावर असते, त्यामुळे तेव्हा येणाऱ्या उत्तरातून अर्धा अंश वजा करावा. वाईच्या गच्चीवरचं उत्तर अठराच्या जरा वर आलं, त्यात मुलांच्या हातांइतकाच ध्रुवाचाही वाटा होता.

हा फरक पूर्वी आणखी मोठा होता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असतो आणि एक फेरा पुरा करायला त्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात. वास्को द गामा कालिकतला आला त्या १४९८ साली हाच तारा ध्रुवबिंदूपासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता. तो एका अर्थानं ध्रुवपद मिळवत चालला आहे. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस, २१०० च्या सुमारास, तो ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ असेल.

शहरातल्या वाचकांना या यंत्राचं एक विशेष अप्रूप वाटावं. रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश धुऊन निघालेलं असलं तरी ध्रुव सहसा दिसतो. आकाशगंगा पाहायला घाट चढावा लागतो. अक्षांश मोजायला उत्तरेकडची मोकळी गच्ची पुरते.

चोवीस अंगुळांची काठी

साध्या वस्तूंनी आकाश मोजून काय साधतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण ओडिशात आहे.

खंडपडा संस्थानाच्या राजघराण्यात १८३५ साली चंद्रशेखर सिंह सामंत जन्मले. लोक त्यांना पठाणी सामंत म्हणत. घरातल्या ताडपत्रांच्या संग्रहातून ते संस्कृत सिद्धांतग्रंथ शिकले आणि ऐन पोरवयात त्यांच्या ध्यानात आलं की ग्रंथातल्या गणितानं ग्रह जिथं यायला हवेत तिथं ते येत नाहीत. इथं बहुतेक जण आपल्याच नजरेवर शंका घेतात किंवा ग्रंथ मिटून ठेवतात. सामंतांनी मोजायचं ठरवलं. इंग्रजी येत नव्हतं, दुर्बीण नव्हती, वेधशाळा नव्हती. लाकूड आणि बांबू होते.

त्यांच्या मानयंत्राची रचना कुणालाही घरी करता येईल इतकी सरळ आहे. चोवीस अंगुळं लांबीची एक बारीक काठी. तिच्या एका टोकाला काटकोनात दुसरी काठी, दोन्ही मिळून इंग्रजी ‘टी’चा आकार. मोकळं टोक डोळ्याशी धरायचं. आडव्या काठीवर खाचा आणि भोकं. ही भोकं सारख्या अंतरावर नसून कोनाच्या स्पर्शज्येनुसार पाडलेली. म्हणजे दहा अंशांचं भोक मध्यापासून सव्वाचार अंगुळांवर, वीस अंशांचं पावणेनऊवर, पंचेचाळीसचं बरोबर चोवीसवर. डोळ्याशी कोन किती होतो ते भोकच सांगतं. मध्ये कुठलंही गणित उरत नाही.

या काठीनं आणि अशाच आणखी घरगुती यंत्रांनी ते वर्षानुवर्षं वेध घेत राहिले. चंद्राची चाल वेडीवाकडी असते, सूर्याच्या ओढीमुळे तो कधी गणिताच्या पुढे असतो, कधी मागे. सामंतांनी त्यातले तीन फेर वेगवेगळे ओळखले आणि त्यांना तुंगांतर, पाक्षिक आणि दिगंश अशी नावं दिली. युरोपात हे तिन्ही आधी माहीत होते, पण सामंतांपर्यंत ते ज्ञान पोहोचलेलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच्या वेधांतून काढलं. तिसरा फेर जेमतेम अकरा कलांच्या आसपासचा आहे, म्हणजे चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. एवढासा फरक एका रात्रीच्या वेधात काठीवर दिसत नाही. तो दिसतो शेकडो वेध एकमेकांशेजारी ठेवल्यावर. त्यांच्या कामातली खरी थोरवी या चिकाटीत आहे, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

ताडपत्रावर लिहिलेला त्यांचा ‘सिद्धांतदर्पण’ कटकच्या कॉलेजातले प्राध्यापक योगेशचंद्र राय यांच्या खटपटीनं १८९९ साली कलकत्त्याला छापला गेला. रायांनी त्याला लांब इंग्रजी प्रस्तावना जोडली. मानयंत्राचं वर्णन जगापुढे आलं ते त्या प्रस्तावनेतून. सामंत १९०४ साली गेले. ओडिशातली पंचांगं त्यांच्या गणिताला आजही मानतात.

महाराष्ट्रालाही या वाटेवरची माणसं परकी नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त यंत्राध्याय आहे. त्यात चक्र, चाप आणि तुर्य ही यंत्रं येतात: पूर्ण वर्तुळ, अर्धं आणि पाव. कंपासपेटीतला कोनमापक म्हणजे त्यातलं चापच. दहा यंत्रांच्या त्या यादीत अखेरचं धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हाती काठी आणि डोक्यात बुद्धी असेल तर बाकी यंत्रांवाचून अडत नाही, असा त्यांचा भाव आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तसा शिलालेखही तिथं आहे. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ‘ग्रहलाघव’कार, यांनी सोळाव्या शतकात प्रतोदयंत्रावर लिहिलं. चाबकाच्या दांड्यासारख्या या यंत्रावर सावली पाडून वेळ काढता येत असे.

दातात धरलेली गाठ

अरबी समुद्रावर गलबतं हाकणारे तांडेल वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी पोहोचले होते. त्यांचं साधन कमाल. लाकडाची छोटी चौकोनी फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. एकेक गाठ एकेका बंदराची. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड समुद्राच्या क्षितिजाला टेकवायची. वरची कड ध्रुवाला लागली की गलबत त्या बंदराच्या अक्षांशावर आलं. मग फक्त पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे वळायचं. अंश, भागाकार, कागद यांपैकी काही लागत नसे. घरी परतायची उंची दोरीतच बांधलेली असे.

हेच साधन घरच्या फूटपट्टीचं करता येतं आणि ते कोनमापकाला जोडीदार म्हणून फार उपयोगी पडतं, कारण त्यानं दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजता येतं. पट्टीच्या मध्यावर दोरी बांधायची आणि पट्टीपासून ५७ सेंटिमीटरवर गाठ मारायची. गाठ गालाशी, डोळ्याच्या खालच्या हाडाला टेकवून दोरी ताणली की पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे आकाशातला एक अंश. पट्टीच्या टोकांकडे हे प्रमाण किंचित बिघडतं, पण मधल्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्ये हौशी कामाला ते चोख आहे.

पहिल्यांदा मोजावा तो चंद्र. पूर्णिमेचा उगवता चंद्र थाळीएवढा वाटतो; पट्टीवर तो अर्धा सेंटिमीटर भरतो. मध्यरात्री माथ्यावर आल्यावर पुन्हा मोजला तरी तेवढाच. उगवताना मोठा दिसतो तो आपल्या मनाला, आणि हे वाचून कुणाचं समाधान होत नाही, पट्टी धरल्यावर होतं. सप्तर्षीतले पुलह आणि क्रतू हे ध्रुवाकडे बोट दाखवणारे दोन तारे साडेपाच सेंटिमीटरच्या जवळपास बसतात. दिवाळीत संध्याकाळी डोक्याजवळ येणाऱ्या भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाची एकेक बाजू पंधराच्या आसपास भरते. चंद्र रोज ताऱ्यांमधून सुमारे तेरा अंश पूर्वेला सरकतो, हे कॅलेंडरावरच्या नक्षत्रांच्या नावांमागचं साधं सत्य सलग दोन संध्याकाळी पट्टी धरली की हाती लागतं.

चुकांचा हिशेब

कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या पाचेक सेंटिमीटर असते. त्यावर एक अंश म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी जागा. शिवणाचा दोराच त्यातली पाव जागा खातो; सुतळी बांधली तर अख्खा अंश झाकतो. शहाळ्याच्या जाड नळीतून दीड-दोन अंशांचं आकाश एकदम दिसतं, त्यात तारा मध्यावर आहे की कडेला हे हातच ठरवतो. म्हणून एका वाचनात अंशभराची चूक होणं अगदी स्वाभाविक आहे, आणि अंशभर म्हणजे जमिनीवर १११ किलोमीटर.

यावर दोन उपाय आहेत. पहिला मोठं करण्याचा. सवाई जयसिंहांना पितळी यंत्रं लहान असल्यानं आणि झिजत असल्यानं भरवशाची वाटेनात, तेव्हा त्यांनी ती दगडचुन्यात बांधली. जयपूरचं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. घरी तेवढं नको. प्लायवूडच्या तुकड्यावर अर्धा मीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ आखलं तरी एक अंश जवळजवळ नऊ मिलिमीटरचा होतो आणि त्यात दहा-दहा कलांच्या खुणा सहज करता येतात. नळीऐवजी दोन्ही टोकांना बारीक भोकाचे पत्रे लावावेत. सुताराकडच्या भंगारातून हे यंत्र उभं राहतं.

दुसरा उपाय पुन्हापुन्हा मोजण्याचा. हात कधी वर चुकतो, कधी खाली. सरासरीत या चुका एकमेकींना खातात. वाईच्या गच्चीवर सोळा आणि बावीस म्हणणारी दोन्ही मुलं उपयोगाची होती. पण नळी तिरकी चिकटली असेल किंवा भोक सरकलं असेल, तर ती चूक दर वेळी एकाच बाजूला होते आणि हजार वाचनांची सरासरीही तिला धुऊन काढत नाही. ती शोधावी लागते. गवंडी जोत्याची पातळी काढायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तशा नळीनं अंगणातल्या दोन खांबांवर एकाच पातळीत खुणा कराव्यात आणि एका खुणेशी डोळा ठेवून नळीतून दुसरी पाहावी. दोरा नेमका ९० वर यायला हवा. ८९ वर आला तर तो अंश यंत्राच्या पाठीवर लिहून ठेवावा आणि प्रत्येक वाचनात धरावा. कोकणातल्या वाचकांना खांबही नकोत. समुद्राचं क्षितिज पाहिलं की झालं.

कोल्हापूर ते नाशिक

हाती यंत्र आलं की त्याच्याकडून पृथ्वीचा घेर काढून घेता येतो. एकमेकांच्या थेट उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांच्या अक्षांशांतला फरक आणि त्यांच्यातलं अंतर कळलं की त्रैराशिकानं घेर येतो, हे भास्कराचार्यांनी गोलाध्यायात सांगितलं आहे. महाराष्ट्रात यासाठी कोल्हापूर आणि नाशिक ही जोडी नामी आहे. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. कोल्हापूरचा ध्रुव १६.७ अंशांवर, नाशिकचा २० वर, फरक ३.३ अंशांचा. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं सरळ अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. रस्त्याचं अंतर इथं चालत नाही, कारण घाट वळणं घेतो. ३६५ ला ३.३ नं भागून ३६० नं गुणलं की ३९,८०० च्या घरात उत्तर येतं. पृथ्वीचा उत्तर-दक्षिण घेर ४०,००० किलोमीटरच्या अगदी किंचित वर आहे.

हे झालं कागदावर. दोन्हीकडे अर्धा-अर्धा अंश उलट दिशेनं चुकला तर उत्तर ३०,५०० येऊ शकतं किंवा ५७,००० सुद्धा. दोन घरांतली दोन वेगळी यंत्रं वापरली, तर हे हमखास होतं, कारण दोघांच्या नळ्या आपापल्या परीनं तिरक्या असतात. यंदा भाऊबीजेला कोल्हापूरहून नाशिकला, किंवा पुण्याहून धुळ्याकडे, जाणाऱ्यांनी म्हणून आपलं यंत्र पिशवीतून सोबत न्यावं आणि निघण्याआधी व पोहोचल्यावर त्याच माणसानं, रात्रीच्या त्याच वेळी, त्याच यंत्रानं वाचनं घ्यावीत, प्रत्येक ठिकाणी निदान वीस-तीस. यंत्र अंशभर खोटं असलं तरी दोन्ही गावांत ते सारखंच खोटं असतं आणि फरक काढताना ती चूक आपोआप निघून जाते. ध्रुवाचा अर्धा अंशही तसाच निघून जातो. उरतात त्या हाताच्या चुका, आणि त्या किती हे प्रत्येक गावातल्या वाचनांचा पसारा पाहून वहीतच मोजता येतं.